मशीन कोरडं म्हणतंय, हाताला ओलं लागतंय

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या सोमवारच्या उद्योग पुरवणीत गेल्या महिन्याभरात नव्या तंत्रज्ञानावरचे चार लेख आले. चारही मी चष्मा पुसून, पेन्सिल हातात घेऊन वाचले. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, ३४ वर्षं काढलेल्या माणसाला अशा मजकुराची भूक असते. पण चारही लेखांत कारखाने वेगळे, मशीनं वेगळी आणि वाक्यं तीच! 'अत्याधुनिक प्रणाली', 'उत्पादकतेत लक्षणीय वाढ', 'वेळेची व खर्चाची बचत'. एका ठिकाणी तर छापलं होतं की अमुक कंपनीने कारखान्याला 'संपूर्ण समाधान पुरवले'. मला अर्थ लागेना. बेंगळुरूला भाचीला फोन लावला, तर ती हसतच सुटली. म्हणाली, "मामा, ते सोल्यूशन हो!" इंग्रजी मजकूर कॉम्प्युटरने मराठी केला होता आणि छापायच्या आधी तो कुणी वाचला नव्हता. आमच्या फौंड्रीत समाधान यायचं ते गणपतीच्या आदल्या दिवशी, बोनसचं पाकीट आणि अर्धा किलो कुंदा हातात पडला की.

भाषांतराचं सोडा, ते सुधारेल. मला जास्त खटकलं ते हे, की त्या चारही कारखान्यांत एकही दिवस वाईट गेलेला नाही. मशीन आलं, बसलं, चाललं, नफा झाला. असं मशीन मी उद्यमबागेत, मच्छेत, होनग्यात कुठेच बघितलेलं नाही. नवं मशीन आलं की पहिले दोन महिने भांड्याला भांडं लागतंच. त्या दोन महिन्यांत काय झालं, कुणी काय जुगाड केलं, कुणी कुणाला शिव्या घातल्या, हेच दुसऱ्या कारखानदाराला वाचायचं असतं. तेवढंच नेमकं गाळलेलं असतं.

आमच्या फौंड्रीवरसुद्धा अशी एक केस स्टडी, म्हणजे मशीन घेऊन काय फायदा झाला ते सांगणारा लेख, लिहिली गेली. ती मी जपून ठेवली आहे, गुळगुळीत कागदाची दोन पानं, मालक मशीनशेजारी उभे असलेला फोटो. तिची गोष्ट सांगतो, म्हणजे माझं म्हणणं नुसती कुरकुर वाटणार नाही.

फौंड्री न बघितलेल्यांसाठी आधी थोडं. लोखंडाचा रस ज्यात ओततात तो साचा वाळूचा असतो. वाळूत बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची पूड आणि पाणी. पाणी साधारण ३ ते ४ टक्के. कमी पडलं तर साच्याचे काठ ढासळतात आणि वाळू मालात शिरते. जास्त झालं तर १४०० अंशांच्या आसपासचा रस आत येताच त्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याचा थेंब वाफ झाला की आपल्या १६०० पटींहून जास्त जागा मागतो. वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर लोखंडात पोकळी राहते. तिला आम्ही ब्लो होल म्हणतो. ही बया बऱ्याचदा कातडीखाली दडून बसते. माल साफ होतो, रंग लागतो, टेम्पोत चढून गिऱ्हाइकाकडे पोचतो आणि तिथे लेथवर पहिला कट घेतला की दात दाखवते.

पूर्वी ओलीची परीक्षा मुठीत व्हायची. सँड प्लांटवरचा, म्हणजे जिथे वाळू कालवतात तिथला, जुना माणूस मूठभर वाळू दाबून गोळा करायचा, तो मधोमध मोडायचा, मोडलेल्या कडा बघायचा आणि 'पाणी मार' किंवा 'बास की आता' म्हणायचा. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये आमच्याकडे त्या मुठीच्या जागी यंत्र आलं. वाळूत खुपसलेली एक सळई ओल मोजणार, कॉम्प्युटर हिशेब करणार, पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडणार आणि मिटणार. कल्पना चांगलीच होती. आजही चांगली आहे, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हातारा मशीनच्या विरोधात आहे असं कुणी म्हणायचं.

पुढच्या मार्चमध्ये मशीन विकणाऱ्यांचा माणूस आला, दोन तास बसला, आकडे घेऊन गेला. महिन्याभरात केस स्टडी छापून आली. ठळक अक्षरात मथळा: रिजेक्शन ५० टक्क्यांनी घटले!

आकडा खोटा नव्हता. मशीनच्या आधी शंभरातले नऊ नग बाद होत होते, नंतर साडेचार. पण आधीचे आकडे जुलै-ऑगस्टचे होते आणि नंतरचे फेब्रुवारीचे. बेळगावचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे त्याला पुढचं सांगायला नको. आषाढात नवी वाळू ट्रकमधूनच ओली उतरते, शेडमधली हवा पिळून काढावी अशी असते, कोअरसुद्धा (मालात पोकळी ठेवायला साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) ओल धरतात. माघात सगळं खडखडीत. मी कपाटातून आदल्या वर्षीचा फेब्रुवारी काढून बघितला, मशीन नव्हतं तेव्हाचा. शंभरात साडेपाच. म्हणजे मशीनमुळे वाचला तो शंभरात एक नग, बाकीचे साडेतीन सूर्यनारायणाने वाचवले होते. पुढच्या जुलैत पुन्हा मोजलं. नवाचे सात झाले होते.

पावसाळ्यात शंभरात दोन वाचणं म्हणजे थोडकं नव्हे. आमचा माल महिन्याला साधारण १०० टन. बाद झालेलं लोखंड वाया जात नाही, पुन्हा भट्टीत जातं. पण इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला ५५० ते ६५० युनिट वीज लागते. दोन टन म्हणजे बाराशेच्या घरात युनिटं, दर महिन्याला. शिवाय साच्याची मजुरी, कोअर, ग्राइंडिंग, आणि कोल्हापूरपर्यंत जाऊन परत आलेल्या टेम्पोचं भाडं. एवढा हिशेब मांडला असता तर कुठल्याही कारखानदाराने तो लेख दोनदा वाचला असता, वहीत उतरवून घेतला असता. '५० टक्के' वाचून तो मान हलवतो आणि पान उलटतो. मोठ्या आकड्यावर विश्वास बसत नाही हो आमच्या लोकांचा. दोन टन, बाराशे युनिट म्हटलं की बसतो.

आता मधल्या दोन महिन्यांचं सांगतो, जे त्या गुळगुळीत कागदावर नव्हतं.

मशीन बसल्यावर पहिल्या पंधरवड्यात रिजेक्शन उलट वाढलं. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाकडून एक लॉट परत आला, सगळे ब्लो होल. अशा वेळी गिऱ्हाईक एट-डी रिपोर्ट मागतं. हा आठ पायऱ्यांचा फॉर्म मूळचा अमेरिकेच्या फोर्ड कंपनीतला, १९८७ सालचा. आता बहुतेक गाडीवाल्यांच्या पुरवठादारांना तो भरावा लागतो. मूळ कारण काय, तात्पुरता उपाय काय, कायमचा उपाय काय. क्वालिटीला मी होतो, मीच भरला. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. उपायाच्या रकान्यात लिहिलं, 'ऑपरेटरला प्रशिक्षण दिले'. फौंड्रीत ज्यांनी नोकरी केली आहे ते आता हसत असतील. निम्मे एट-डी असेच भरलेले असतात. गिऱ्हाइकाने तो मंजूर केला. रात्रपाळीच्या ऑपरेटरला मी केबिनमध्ये बोलावून झाडलं आणि हजेरीपत्रकावर प्रशिक्षण मिळाल्याची त्याची सही घेतली. प्रशिक्षण म्हणजे ते झाडणंच.

तो कंग्राळीचा पोरगा. आयटीआय झालेला, बोलायला कमी. सही करून झाल्यावर म्हणाला, "साहेब, एकदा रजिस्टर बघता काय?"

सँड प्लांटवर एक लांबडं रजिस्टर असायचं. दिवसपाळीचा माणूस बैलहोंगलकडचा, तो कन्नडात लिहायचा. रात्रपाळीला हा, मराठीत. दोघांनाही दोन्ही भाषा येत होत्या, त्यामुळे त्यांचं बरं चालायचं. पोराने पानं उलटून दाखवलं. अकरा रात्रींच्या नोंदी. त्यातली एक मला अजून तोंडपाठ आहे: "११.४०. मशीन कोरडं म्हणतंय. हाताला ओलं लागतंय. ऑटो बंद केलं. पाणी हातानं." दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री त्यात भर, "सळीवर माती बसलीय." पाचव्या रात्री, "फडक्यानं पुसली. दोन तास बरोबर. परत तेच."

म्हणजे बेंटोनाइटची माती त्या सळईवर थर धरत होती. थर वाळला की सळईला वाळू कोरडी वाटायची, मशीन पाणी मारत राहायचं आणि ओल्या वाळूचे साचे पुढे जायचे. पोराने रोग ओळखला होता, औषधही शोधलं होतं. दर दोन तासांनी फडकं. "पुसलं की बरोबर बोलतंय बघा, न्हाई पुसलं की खोटं बोलायला लागतंय," असं त्याचं म्हणणं. आणि मी त्याच्या नावापुढे निष्काळजीपणा लिहून कोल्हापूरला पाठवून मोकळा झालो होतो.

आठवड्याभरात दर दोन तासांनी पुसायचा नियम लागला. दिवाळीनंतर आमच्या मेंटेनन्सवाल्याने सळईजवळ हवेची नळी जोडली, ठरावीक वेळाने फुंकर मारून थर उडवणारी. मग मशीन रुळावर आलं. त्या दोन पानांच्या केस स्टडीत या फडक्याबद्दल एक अक्षर नाही.

पुढे काय झालं तेही ऐका. मच्छेतल्या एका फौंड्रीच्या मालकांनी ती केस स्टडी वाचून तेच मशीन घेतलं. त्यांना फडक्याचं कुणी सांगितलं नाही. दोन पावसाळे त्यांनी कसेबसे ढकलले, मग ऑटो कायमचं बंद करून मूठ परत आणली. मला हे अनगोळ नाक्यावर चहा पिताना कळलं, तोवर स्क्रीनवर धूळ बसली होती आणि त्या मशीनचं नाव उद्यमबागेपासून होनग्यापर्यंत बद्दू झालं होतं. विकणाऱ्याचंच नुकसान झालं. 'दर दोन तासांनी सळई पुसा' एवढी एक ओळ लाजेखातर गाळली म्हणून.

हे सगळं दिवाळीत भाचीसमोर मांडलं. ती सॉफ्टवेअर कंपनीत हेच लिहिते, गिऱ्हाइकांच्या केस स्टडी. तिचं म्हणणं असं, "मामा, तुम्हाला काय, तुम्ही बोलून मोकळे. मी लिहिलेलं गिऱ्हाइकाकडे जातं, मग आमच्या वकिलांकडे, मग मार्केटिंगकडे. प्रत्येक जण एकेक ओळ काढतो. स्वतःच्या खर्चाने स्वतःची फजिती कोण छापेल?" तिचं खरं आहे. मी गप्प बसलो, करंजी खाल्ली. पण मग विचार केला की फजितीची भीती असेल तर कारखान्याचं नाव गाळा की. मी या पत्रात कुणाचं नाव लिहिलंय? कुठलंच नाही, तरी गोष्ट समजली ना.

तिने मग तिच्या कॉलेजातलं एक सांगितलं. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये केस शिकवायची पद्धत रुजली तेव्हाची पहिली लिखित केस १९२१ ची, एका बुटांच्या कारखान्याची. लांबी एक पान. कामगार सुटीची वेळ व्हायच्या आधीच काम थांबवतात, मालकांनी काय करावं? एवढंच. उत्तर दिलेलं नाही. मला हे फार आवडलं. शंभर वर्षांपूर्वी केस म्हणजे अडचण होती. आता केस म्हणजे आरती झाली आहे.

आणि रंजक लिहायचं म्हणजे अलंकार घालायचे असा एक समज आहे, तो मला पटत नाही. टोयोटाचे ताइइची ओनो यांचं पाच 'का'चं उदाहरण आमच्याकडे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगायचे. मशीन बंद पडलं. का? जास्त लोड येऊन फ्यूज उडाला. का? बेअरिंगला पुरेसं तेल मिळत नव्हतं. का? पंप नीट तेल ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. एवढ्यावर संपतं. यात एकही विशेषण नाही, पण मध्येच उठून जाता येत नाही, पुढचं 'का' ऐकावंसं वाटतं. माझा एट-डी पहिल्या 'का'वरच थांबला होता. त्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट तेव्हा माझ्या पाठीमागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं!

मराठीत हे जमत नाही, इंग्रजीतच शोभतं, असं कुणी म्हणालं तर त्याला मी किर्लोस्कर रोडवर नेऊन उभा करीन. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते आपल्या बेळगावात. पुढे नांगर बनवला. लोखंडी फाळाने जमिनीला विष लागतं म्हणून शेतकरी तो घेईनात, ही गोष्ट आपल्याकडच्या पोराटोरांना ठाऊक आहे. कशी ठाऊक? त्या घराण्याने यशाबरोबर न खपलेल्या नांगरांची गोष्टही सांगितली म्हणून. किर्लोस्करवाडी १९१० ची. तिथून दहा वर्षांनी, १९२० साली, शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नांगर आणि उसाचे चरक विकणाऱ्या कारखान्याचं पत्रक ते, पण वाढत वाढत घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. कारखान्याबद्दलचं मराठी लोक मिटक्या मारत वाचू शकतात याचा पुरावा आपल्या गावाशी नातं सांगतो, आणि आपल्या पुरवणीत 'समाधान पुरवले' छापून येतं. असो.

म्हणून माझी विनंती अशी. पुढच्या वेळी कुठल्या कारखान्यातल्या नव्या यंत्रावर लिहायला आपला प्रतिनिधी गेला तर त्याने मालकांच्या केबिनमधला चहा जरूर घ्यावा, पण नंतर रात्रपाळी सुरू होईपर्यंत थांबावं. यंत्राजवळचं रजिस्टर मागावं. कन्नडात असेल तर कन्नड येणाऱ्याकडून वाचून घ्यावं, आपल्याकडे असे लोक काही कमी नाहीत. आधीचे-नंतरचे आकडे दिले तर ते कुठल्या महिन्याचे हे विचारावं. आणि यंत्र पहिल्यांदा रुसलं ती तारीख विचारावी. तारीख आठवत नाही म्हणाले तर समजावं की ज्याला आठवते तो माणूस खोलीत नाही.

आपण बोलतोच आहोत तर नमुना आपणच द्यावा, म्हणून गेल्या महिन्यात मी आमच्या त्या मशीनची केस स्टडी स्वतः लिहायला बसलो. मराठीत, एका पानात. तीनदा लिहिली, तीनदा भाचीला व्हॉट्सअपवर पाठवली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "मामा, अकरा रात्री तो पोरगा लिहीत होता, तर रजिस्टर रोज सकाळी तपासायचं काम कुणाचं होतं?"

माझं होतं. अकराही पानांवर माझी सही आहे. रोज सकाळी सव्वाआठला प्लांटवर जायचो, उभ्या उभ्या सही ठोकायचो आणि पुढे भट्टीकडे जायचो. तिन्ही खर्ड्यांत मी हे लिहिलं नव्हतं. मुद्दाम गाळलं असंही नाही, लिहिताना ते हाताखाली आलंच नाही. चौथ्या खर्ड्यात आलं आहे.

तो चौथा खर्डा सोबत पाठवत आहे. छापण्याजोगा वाटला तर छापा, कारखान्याचं नाव त्यात नाही. जुन्या मालकांच्या परवानगीने रजिस्टरच्या दोन पानांची झेरॉक्सही जोडली आहे. पोराचं नाव मी त्याला विचारून खोडलं आहे. तो आता दुसऱ्या एका फौंड्रीत सँड प्लांटचा सुपरवायझर आहे. जागा कमी पडली तर माझ्या खर्ड्यातलं काहीही कापा. झेरॉक्सच्या तळाशी लाल शाईतली सही आहे, ती मात्र कापू नका. कुणाला वाचता येण्यासारखी ती नाहीच.

आपला,
एक निवृत्त फौंड्रीवाला
अनगोळ, बेळगाव
(नाव छापू नये ही विनंती)